रेडिओसर्जरीसाठी सरकारी मदत: कोल्हापूरच्या रुग्णांनी आधी काय करायचं?

मेंदूतली लहान गाठ किंवा रक्तवाहिन्यांचा गुंता, म्हणजे एव्हीएम, यावर कवटी न उघडता नेमक्या जागी किरणांचा मोठा डोस देतात, ती रेडिओसर्जरी. गॅमा नाइफ, सायबरनाइफ ही त्यातल्या यंत्रांची नावं. साधारण तीन सेंटिमीटरपर्यंतच्या गाठीला ती जास्त चांगली लागू पडते. त्यामुळे पहिला कागद न्यूरोसर्जनचा: निदान काय, आकार किती आणि उघडी शस्त्रक्रिया न करता हाच उपचार का, हे त्यात स्पष्ट हवं. नुसतं ‘पुढील उपचारासाठी मुंबईला पाठवत आहे’ एवढ्यावर मंजुरी अडकते.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आता पिवळं, केशरी, पांढरं असं कुठलंही रेशनकार्ड चालतं आणि कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत संरक्षण मिळतं. रेशनकार्ड, आधार आणि एमआरआय घेऊन सीपीआर या कोल्हापूरच्या सरकारी हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, भेटा किंवा 155388 वर फोन करा. विचारताना मात्र ‘ते हॉस्पिटल योजनेत आहे का’ एवढ्यावर थांबू नका. हॉस्पिटल योजनेत असतं, पण सगळ्याच उपचारांसाठी असतंच असं नाही. तिथे रेडिओसर्जरीचं पॅकेज मिळेल का, हे विचारा आणि मगच महालक्ष्मी एक्स्प्रेसचं तिकीट काढा. मंजुरीचा अर्ज हॉस्पिटलच ऑनलाइन पाठवतं. मंजुरी यायच्या आधी पैसे भरलेत, तर ते परत मिळतील हे धरून चालू नका.

योजनेत बसत नसेल तर मुख्यमंत्री सहायता निधी. विहित अर्ज, आधार, रेशनकार्ड, तहसीलदारांचा 1 लाख 60 हजारांच्या आतला उत्पन्नाचा दाखला, रिपोर्ट आणि खर्चाचं अंदाजपत्रक लागतं. खासगी हॉस्पिटल असेल तर अंदाजपत्रकावर जिल्हा शल्यचिकित्सकांचं प्रमाणपत्र हवं. इथेही झालेल्या खर्चाची भरपाई होत नाही. चंदगड-आजऱ्याकडच्या मंडळींनी उत्पन्नाचा दाखला गावाकडूनच काढून निघावं. मुंबईत बसून तो मागवणं म्हणजे नुसता मनस्ताप.

हॉस्पिटल धर्मादाय असेल तर तिथल्या समाजसेवा विभागात जा. वार्षिक उत्पन्न 1 लाख 80 हजारांच्या आत असलेल्यांसाठी 10 टक्के खाटा मोफत आणि 3 लाख 60 हजारांच्या आत असलेल्यांसाठी आणखी 10 टक्के सवलतीत राखून ठेवाव्या लागतात. हा हक्क आहे, उपकार नाही.

रेल्वेची सवलत कॅन्सरच्या रुग्णाला मिळते, तिचा फॉर्म उपचार करणारं हॉस्पिटल भरून देतं. एव्हीएम हा कॅन्सर नाही, त्यामुळे त्याला ती लागू नाही.

उपचारानंतरचा एक मुद्दा अर्जाच्या गडबडीत बाजूला पडतो. एव्हीएम किरणांनी लगेच बंद होत नाही. ते बंद व्हायला साधारण दोन-तीन वर्षं लागतात आणि तोवर रक्तस्रावाचा धोका कायम असतो. अचानक जोराची डोकेदुखी, उलट्या किंवा झटका आला तर मुंबईची वाट न धरता आधी जवळचं मोठं हॉस्पिटल गाठायचं. ठरावीक काळाने एमआरआय आणि शेवटी बहुतेक वेळा अँजिओग्राफी करावी लागते. हा खर्च पॅकेजमध्ये धरलाय का, हे डिस्चार्जच्या वेळी आरोग्यमित्राकडूनच विचारून घ्या. डिस्चार्ज कार्ड, डोसचा तपशील आणि स्कॅनची सीडी जपून ठेवा. पुढच्या तपासणीला डॉक्टर आधी जुना स्कॅनच मागतात.