शेक, पट्टा आणि मोजूनमापून घेतलेला व्यायाम

ठाण्यात नौपाड्यात किंवा वाशीच्या कुठल्याही सेक्टरात फिजिओथेरपीचं क्लिनिक शोधायला फार चालावं लागत नाही. कंबर धरली, खांदा आखडला, गुडघा कुरकुरायला लागला की डॉक्टर चिठ्ठी देतात आणि पेशंट पहिला प्रश्न विचारतो, ‘किती दिवस शेक घ्यावा लागेल?’ फिजिओथेरपी म्हणजे मशीन, करंट आणि दहा सिटिंग, ही समजूत घट्ट बसली आहे. शेवटी फिजिओ जे तीन-चार व्यायाम करून दाखवतात, ते पेशंटच्या लेखी तोंडी लावण्यापुरते. खरं औषध तेच आहे, आणि कुठल्याही औषधासारखी त्यालाही मात्रा आहे. ही मात्रा कशी ठरत गेली, हे कळलं तर घरी व्यायाम का करायचा, हेही कळतं.

अंग कमावण्याची परंपरा आपल्याकडे जुनी. तालमीत जोर-बैठका आणि मालिश, मुका मार लागला तर आंबेहळदीचा लेप, सांधा निखळला तर हाडवैद्य. उत्तर पेशवाईत बाळंभट दादा देवधरांनी मल्लखांबाला नवं रूप दिलं. पण तालीम धडधाकट माणसांसाठी होती. दुखणाऱ्या अंगाला विश्रांतीच सांगितली जाई. युरोपात पेर हेन्रिक लिंग यांनी १८१३ साली स्टॉकहोममध्ये संस्था काढून उपचारासाठीच्या व्यायामाला शिस्त लावली. लंडनमध्ये १८९४ साली चार परिचारिकांनी मालिशकामाची संघटना उभारली, कारण मालिशच्या नावाखाली चालणाऱ्या गैरधंद्यांमुळे प्रामाणिक काम करणाऱ्याही बदनाम होत होत्या. आजचा ब्रिटिश फिजिओथेरपी व्यवसाय त्या संघटनेतूनच वाढला.

मुंबईत या व्यवसायाला पोलिओने जन्म दिला. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला, पोलिओने अधू झालेल्या मुलांची संख्या वाढत असताना, केईएम हॉस्पिटलमध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने देशातलं पहिलं फिजिओथेरपी विद्यालय सुरू झालं. १९५५ साली फिजिओथेरपिस्टांची अखिल भारतीय संघटना झाली. तेव्हाचं काम म्हणजे पायाला आधार देणारे कॅलिपर आणि स्प्लिंट बसवणं आणि एकेक स्नायू तपासून त्याला ० ते ५ गुण देणं. ३ गुण म्हणजे स्नायू हातपाय वर उचलू शकतो, पण त्यावर जास्तीचं वजन पेलत नाही. हीच मोजणी आज सायटिकाच्या, म्हणजे कंबरेतून पायात कळ जाणाऱ्या, पेशंटला पायाचा अंगठा वर उचलायला लावून बघताना वापरतात. नैसर्गिक विषाणूने झालेल्या पोलिओचा भारतातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११मधला. पण फिजिओच्या दारातली रांग त्याच्या कितीतरी आधी कंबर, मान आणि गुडघ्यांची झाली होती.

व्यायामाला आकडे मिळाले ते दुसऱ्या महायुद्धात. अमेरिकेत जखमी सैनिकांचे गुडघे महिनोन् महिने भरून येत नव्हते. थॉमस डीलॉर्म या लष्करी डॉक्टरांनी बुटाला लोखंडी वजनं बांधून मांडीच्या स्नायूला भारी काम दिलं आणि १९४५ साली पद्धत प्रसिद्ध केली. पुढे ती अशी सुटसुटीत झाली: जेमतेम १० वेळा उचलता येईल असं वजन शोधायचं, त्याच्या निम्म्या वजनाने १० वेळा, पाऊण वजनाने १० वेळा, मग पूर्ण वजनाने १० वेळा. वजन सोपं झालं की वाढवायचं. ‘दहाचे तीन सेट’ हा आज कुठल्याही जिममध्ये ऐकू येणारा हिशोब तिथून आला. त्यातली वाढवण्याची अट मात्र गळून गेली, आणि गुडघेदुखीचा व्यायाम फसण्याचं मोठं कारण तेच. पलंगावर पाय सरळ उचलण्याचा व्यायाम वर्षभर १० वेळाच केला तर स्नायूला काही आठवड्यांनंतर नवं कामच मिळत नाही.

कंबरेच्या बाबतीत वळण उशिरा आलं. ‘फळीवर झोपा, तीन आठवडे उठू नका, पट्टा काढू नका’ हा सल्ला घरोघरी ऐकलेला. ब्रिटिश डॉक्टर रिचर्ड ॲशर यांनी १९४७ सालीच अंथरुणात पडून राहण्याचे धोके लिहिले होते, पण ते फारसं कोणी मनावर घेतलं नाही. १९८६ साली अमेरिकेत २०३ रुग्णांवर तुलना झाली: निम्म्यांना दोन दिवस विश्रांती सांगितली, निम्म्यांना सात. दोनवाल्यांच्या कामावरच्या सुट्ट्या ४५ टक्क्यांनी कमी भरल्या आणि बाकी कशातच ते मागे पडले नाहीत. १९९५ साली हेलसिंकीत महापालिकेच्या कर्मचाऱ्यांचे तीन गट केले: दोन दिवस झोपून राहणारे, कंबरेचे व्यायाम करणारे आणि सोसेल तितकी रोजची कामं चालू ठेवणारे. तिसरा गट सर्वांत लवकर बरा झाला. उसण भरल्यावर पहिल्या चार-पाच दिवसांत व्यायामाचा तक्ता घेऊन बसायची घाई नको, हे या प्रयोगाने शिकवलं. त्या दिवसांत दर दोन तासांनी दहा मिनिटं चालणं आणि सलग अर्ध्या तासाहून जास्त न बसणं, एवढं पुरतं. ताकद वाढवण्याचा व्यायाम त्यानंतरचा. दुखणं पुन्हा उलटू नये म्हणून.

आपल्या ठाणे-नवी मुंबई भागात या दोन्ही टप्प्यांची गरज ठळक दिसते. १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली, वागळे इस्टेटपासून ठाणे-बेलापूर रस्त्यापर्यंत कारखाने झाले आणि पुढे त्याच रस्त्यावर ऐरोली-महापेत काचेची ऑफिसं उभी राहिली. एकीकडे तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटमध्ये ५० किलोची गोणी पाठीवर घेणारा माथाडी, दुसरीकडे नऊ तास खुर्चीत बसणारी मुलगी. दोघांचीही कंबर दुखते, व्यायाम मात्र एकच सांगून चालत नाही. तिला दर ४० मिनिटांनी उठणं आणि आठवड्यातून दोन-तीनदा स्नायूंना भार देणं पुरेल. माथाडीला हलक्या पिशवीपासून सुरुवात करून, कमरेऐवजी खुब्यातून वाकत, टप्प्याटप्प्याने गोणीच्या वजनाजवळ न्यावं लागतं. १० किलोवर थांबलेला व्यायाम ५० किलो उचलणाऱ्याला पुरत नाही. तो कामावर जातो आणि आठवड्यात परत येतो. दोष व्यायामाचा नसतो, तो अर्ध्यात सोडण्याचा असतो.

पाय मुरगळल्यावर बर्फ आणि आराम हा मंत्र १९७८ सालचा, अमेरिकेच्या डॉ. गेब मर्किन यांचा. बर्फाने आणि पूर्ण विश्रांतीने भरून येणं लांबू शकतं, असं पुढे त्यांनीच लिहिलं. दुखणं कमी करायला दहा मिनिटं बर्फ लावायला हरकत नाही. ठाणे स्टेशनच्या जिन्यावर पाय वाकडा पडला तर आधी दोन गोष्टी बघायच्या: चार पावलं टाकता येतात का, आणि घोट्याच्या हाडाच्या मागच्या कडेवर, टोकापासून वर सहा सेंटिमीटरपर्यंत, दाबलं की कळ येते का. पावलं टाकता येत नसतील किंवा कळ येत असेल, तर एक्स-रे. पावलाच्या बाहेरच्या कडेला, करंगळीमागच्या उंच हाडावर दुखलं तरीही. हाड शाबूत असेल तर क्रेप बँडेज बोटांकडून वर गुंडाळायचं आणि बोटं निळी पडली किंवा बधिर झाली तर सैल करायचं. चोळायचं नाही, सूज वाढते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून सोसेल तसं पाऊल टेकायचं. सूज उतरली की लोक थांबतात आणि तोच पाय पुन्हा मुरगळतो, कारण तोल सांभाळण्याची सवय परत आलेली नसते. एका पायावर ३० सेकंद, तीन-चार वेळा, जमलं की डोळे मिटून. हे सहा-आठ आठवडे चालू ठेवायचं.

टाचदुखीचा व्यायाम जरा तपशिलात पाहू, कारण सकाळी पलंगावरून उतरताना टाचेत खिळा टोचल्यासारखं होणारे इथे खूप आहेत: फरशीवर सपाट चपलेत दिवसभर उभे राहणारे दुकानदार, शिक्षिका, वॉचमन. डेन्मार्कमधल्या एका प्रयोगात नुसत्या ताणापेक्षा भाराच्या व्यायामाने तीन महिन्यांत जास्त आराम पडला. वर्षअखेर दोन्ही गट सारखे झाले. म्हणजे भाराने आराम लवकर पडतो. जिन्याच्या पायरीवर टॉवेलची घट्ट वळकटी ठेवायची, बोटं तिच्यावर येऊन पूर्ण वर वळली पाहिजेत. एका पायावर ३ सेकंदांत टाच वर, २ सेकंद थांबणं, ३ सेकंदांत खाली. कठड्याला हात फक्त तोल जाऊ नये म्हणून. दिवसाआड १२ वेळा, ३ फेऱ्या. दोन आठवड्यांनी पाठीवर पुस्तकांची सॅक घेऊन १० वेळा, ४ फेऱ्या. आणखी दोन आठवड्यांनी सॅक जड करून ८ वेळा, ५ फेऱ्या. चुका ठरलेल्या: घाईने वर-खाली करणं, वळकटी न घेणं, रोज करणं, आणि दुखणं थोडं हटलं की सोडून देणं. करताना थोडं दुखलं तरी चालतं. शून्य म्हणजे अजिबात नाही आणि १० म्हणजे असह्य धरलं, तर ५ पर्यंत. दुसऱ्या दिवशी सकाळी ते कालच्याहून वाढलेलं असेल तर भार कमी करायचा.

मग मशीन कशासाठी? १९६५ साली मेलझॅक आणि वॉल या संशोधकांनी मांडलं की स्पर्शाच्या संवेदना मज्जारज्जूत वेदनेची वाट अडवू शकतात. टेन्ससारख्या करंटच्या मशीनला आधार मिळाला तो इथून. वेदना तात्पुरती दबली तर व्यायाम करायला सोपं जातं, इतकाच तिचा उपयोग. ब्रिटनमध्ये उपचारांबाबत मार्गदर्शक सूचना देणाऱ्या नाइस या संस्थेने २०१६ साली कंबरदुखीसाठी पट्टा, ट्रॅक्शन (कंबर ताणणं), अल्ट्रासाउंडचा शेक आणि करंट देऊ नये असं स्पष्ट लिहिलं. आपल्याकडे मात्र सिटिंगचा बहुतेक वेळ याच गोष्टींवर जातो आणि व्यायामाला पाच मिनिटं उरतात. हे उलटं व्हायला हवं. पहिल्या भेटीत फिजिओला सरळ विचारावं: कोणता व्यायाम, किती वेळा, किती वजन, कधी वाढवायचं.

काही दुखणी मात्र व्यायामाची नसतात. कंबरदुखीबरोबर लघवी अडली किंवा नकळत व्हायला लागली, शौचावरचा ताबा गेला, बसताना टेकतो त्या भागात बधिरपणा आला, पावलाची ताकद झपाट्याने कमी झाली, तर मज्जातंतूंचा जुडगा दाबला गेलेला असू शकतो. अशा वेळी दुसऱ्या दिवसाची अपॉइंटमेंट न घेता त्याच दिवशी, रात्र असली तरी, मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जायचं.