पार्श्वभूमी : 'दखलपात्र' कोण, हे कोण ठरवतं?

'नेचर' १८६९चं, 'सायन्स' १८८०चं, 'सेल' १९७४चं. जीवशास्त्रातल्या नियतकालिकांची आजची उतरंड मात्र त्यांच्या वयावर नाही, इम्पॅक्ट फॅक्टरवर उभी आहे : नियतकालिकाच्या आधीच्या दोन वर्षांतल्या मजकुराचे यंदा इतरांनी केलेले उल्लेख भागिले त्या दोन वर्षांतल्या लेखांची संख्या. या आकड्याची कल्पना १९५५मध्ये 'सायन्स'मधल्या एका लेखात आली. सुरुवातीला त्याचं काम साधं होतं : कोणत्या निबंधाने कोणाचा उल्लेख केला याची नोंद ठेवणाऱ्या सूचीत कोणती नियतकालिकं घ्यायची ते ठरवणं. १९७५पासून वार्षिक आकडे प्रसिद्ध होऊ लागले.

खरा गुंता आहे भागाकारातल्या छेदात. छेदात फक्त 'दखलपात्र' मजकूर मोजतात, म्हणजे शोधनिबंध आणि आढावालेख. संपादकीयं, वाचकांची पत्रं, बातम्या छेदातून वगळतात. पण एखाद्या पत्राचा पाच निबंधांनी उल्लेख केला, तर ते पाचही उल्लेख अंशात धरले जातात! ज्या नियतकालिकात असा मजकूर भरपूर, त्याचा आकडा आपोआप फुगतो. शिवाय दखलपात्र काय हे ठरवते आकडा काढणारी खासगी कंपनीच. २००६मध्ये 'प्लॉस मेडिसिन' या वैद्यकीय नियतकालिकाने संपादकीयात लिहिलं होतं, की काय मोजायचं यावर त्यांचा आकडा ३च्या खालीही येऊ शकला असता आणि ११ही होऊ शकला असता. ज्या आकड्यावर माणसांच्या नोकऱ्या ठरतात, तो इतका लवचीक असणं मला गंभीर वाटतं. २०१२च्या अखेरीस सॅन फ्रान्सिस्कोत ठरलेल्या जाहीरनाम्याने संशोधकांचं मूल्यमापन या आकड्यावरून करू नये, असं म्हटलं.

त्याच वर्षी, निधी देणाऱ्या तीन मोठ्या संस्थांच्या पाठबळावर 'ईलाइफ' हे जीवशास्त्राचं नियतकालिक निघालं. २०२३पासून त्याने समीक्षेनंतरचा (म्हणजे त्याच विषयातल्या तज्ज्ञांच्या तपासणीनंतरचा) स्वीकार-नकारच बंद केला. समीक्षेला घेतलेला निबंध समीक्षकांच्या अभिप्रायांसह छापायचा, पुरावा 'भक्कम' आहे की 'अपुरा' ते उघड लिहायचं. त्यांच्याच काही संपादकांनी याला कडाडून विरोध केला. दर्जा घसरेल ही त्यांची भीती होती. माझ्या मते दोष लपवण्यापेक्षा तो छापणं अधिक प्रामाणिक आहे. २०२४च्या अखेरीस इम्पॅक्ट फॅक्टर काढणाऱ्या त्याच कंपनीने 'ईलाइफ'च्या या पद्धतीवर हरकत घेतली. आता 'ईलाइफ'चे पुरेसा पुरावा असलेले निबंधच सूचीत जातात, आणि २०२५पासून इम्पॅक्ट फॅक्टर नाही.

आपल्याकडच्या २०१८च्या प्राध्यापक-नेमणूक नियमांत इम्पॅक्ट फॅक्टर नसलेल्या नियतकालिकातल्या निबंधाला ५ गुण आहेत, ५ ते १०च्या दरम्यानच्याला २५. 'ईलाइफ' त्या दुसऱ्या गटात होतं. तो तक्ता लावला, तर तिथल्या तितक्याच मेहनतीच्या निबंधाचे २० गुण गेले.