सैनिकाच्या आई-वडिलांना अमेरिकी सरकारी नोकरीत प्राधान्य : पात्रता, कागदपत्रे आणि अर्ज

अमेरिकेच्या सैन्यात असलेलं आपलं मूल युद्धात किंवा लष्करी मोहिमेत मरण पावलं, किंवा सेवेमुळे कायमचं आणि पूर्ण अपंग झालं, तर आई किंवा वडिलांना तिथल्या केंद्र सरकारच्या भरतीत १० गुणांचं प्राधान्य मागता येतं. पूर्वी हा हक्क फक्त आईचा होता. ऑक्टोबर २०१५ च्या कायद्याने वडिलांनाही मिळाला. तिकडे स्थायिक झालेल्या मराठी पालकांनाही हेच नियम लागू.

कागद जमवायच्या आधी स्वतःची वैवाहिक स्थिती तपासा, कारण गाडी अडते ती इथेच. प्राधान्य मागताना तुम्ही अविवाहित, विधवा, विधुर, घटस्फोटित किंवा कायदेशीररीत्या विभक्त असायला हवं. नाहीतर जोडीदार कायमचा व पूर्ण अपंग असायला हवा. आई-वडील दोघं धडधाकट आणि एकत्र राहत असतील, तर दोघांपैकी कुणालाच प्राधान्य नाही. मूल दोघांचंच गेलेलं असतं, म्हणून ही अट मला फार कठोर वाटते. पण ती कायद्यातच आहे, कार्यालयात विनवण्या करून सुटत नाही. पुनर्विवाह केला आणि तो जोडीदारही वारला किंवा घटस्फोट झाला, तर मात्र हक्क राहतो.

मृत्यू सन्मानपूर्वक सेवेत असताना आणि युद्धाच्या किंवा ज्या मोहिमेसाठी पदक दिलं गेलं तिच्या काळात झालेला हवा. इराक आणि अफगाणिस्तानच्या मोहिमा त्यात येतात. सैनिक हयात असेल आणि स्वतः सरकारी नोकरी करू शकत असेल, तर पालकांना हे मिळत नाही.

अर्ज एसएफ-१५ या फॉर्मवर. सेवेत मृत्यू झाला असेल तर सोबत डीडी-१३०० हा मृत्यूचा लष्करी अहवाल. सेवेतून बाहेर पडलेल्या सैनिकासाठी डीडी-२१४ हा सेवामुक्तीचा दाखला. त्याची ‘मेंबर-४’ ही सविस्तर प्रतच मागा, कारण सेवा सन्मानपूर्वक होती की नाही हे चोविसाव्या रकान्यात लिहिलेलं असतं आणि आखूड प्रतीत तो रकानाच नसतो. अपंगत्वासाठी माजी सैनिक विभागाचं पत्र लागतं. त्यात नुसतं ‘१०० टक्के’ असून भागत नाही, अपंगत्व कायमचं आहे असं स्पष्ट हवं. मुलाच्या जन्मदाखल्यावर आईचं माहेरचं नाव आणि तुमच्या कागदांवर सासरचं असेल, तर विवाह प्रमाणपत्रही जवळ ठेवा.

जाहिराती यूएसएजॉब्स या सरकारी संकेतस्थळावर येतात. प्राधान्याच्या प्रश्नात १० गुणांचा पर्याय निवडा आणि कागद अर्जासोबतच जोडा. गुण परीक्षा उत्तीर्ण झाल्यावरच मिळतात, म्हणजे १०० पैकी किमान ७० हवेतच. जिथे उमेदवारांचे गट पाडतात, तिथे गुण वाढत नाहीत. तुमच्या गटात प्राधान्य नसलेल्यांच्या आधी तुमचं नाव येतं. बढती किंवा बदलीत याचा उपयोग नाही.

या नोकऱ्या बहुतांशी नागरिकांनाच मिळतात. तुमच्याकडे फक्त ग्रीन कार्ड असेल आणि नागरिक असलेलं मूल सन्मानपूर्वक सक्रिय सेवेत असताना गेलं असेल, तर वास्तव्याची ठरावीक वर्षं पूर्ण होण्याची वाट न पाहता नागरिकत्वाचा अर्ज करता येतो. तो आधी करा.