सात निशाणे आणि एक मुलूख: जर्मन सम्राटांची सत्ता कशी चाले

सप्टेंबर 1156. रेगेन्सबुर्ग शहराबाहेरच्या मैदानावर सम्राट पहिला फ्रेडरिक, म्हणजेच बार्बारोसा, दरबार भरवून बसला आहे. त्याचा चुलता हाइनरिख यासोमिरगोट पुढे येतो आणि बव्हेरियाची सात निशाणे सम्राटाच्या हाती परत देतो. सम्राट ती सातही निशाणे आपल्या मामेभावाला, हाइनरिख ‘सिंह’ याला देतो. सिंह त्यातली दोन परत करतो. ही दोन निशाणे म्हणजे ऑस्ट्रियाचा सरहद्दी मुलूख. सम्राट तो बव्हेरियापासून तोडतो, त्याची स्वतंत्र डची (ड्यूकच्या अमलाखालचा मुलूख) करतो आणि यासोमिरगोटला देतो. बव्हेरियावरचा अनेक वर्षांचा तंटा मिटतो आणि दोघेही ड्यूक राहतात.

मध्ययुगीन जर्मन सत्तेचे सगळे यंत्र या देवघेवीत दिसते. सम्राटाला पक्की राजधानी नव्हती, पगारी सैन्य फारसे नव्हते, देशभर कर गोळा करणारे खातेही नव्हते. दरबार घेऊन तो आखेन, गोस्लार, फ्रँकफर्ट असा फिरत राही. राजवाड्याच्या जमिनी आणि वाटेतले मठ त्याचा खर्च उचलत. सेवेचा मोबदला म्हणून द्यायला त्याच्याकडे मुख्यतः दोनच गोष्टी होत्या: जमीन आणि पद.

जमीन तो जहागीर म्हणून देई. जर्मनमध्ये तिला ‘लेहेन’ म्हणतात. घेणारा गुडघे टेकून, जोडलेले हात सम्राटाच्या हातांत देई, मग इमानाची शपथ घेई आणि त्यानंतर निशाण स्वीकारी. बदल्यात हत्यारबंद घोडेस्वार घेऊन मोहिमेवर जायचे आणि दरबार भरला की हजेरी लावायची. जहागीरदार मेला तर वारसाने नव्याने ती मागून घ्यावी लागे. एक वर्ष आणि एक दिवसात मागितली नाही तर हक्क गेला, असा कायदा बार्बारोसाने 1154 मध्ये इटलीत केला. 1158 मध्ये त्याने डची आणि परगणे वाटून घेण्यावरही बंदी घातली. तुकडे झालेल्या जहागिरीतून घोडेस्वार कमी येतात, हे त्यामागचे साधे कारण.

खरी गळती होती ती वारसाहक्काची. बापाची जहागीर मुलाला मिळत गेली की दोन-तीन पिढ्यांत ती घराण्याची मालमत्ताच वाटू लागे, आणि देणाऱ्याचा हात रिकामा होई. दहाव्या शतकातला सम्राट पहिला ऑटो आणि त्याच्या वारसांनी यावर उपाय काढला: बिशप आणि मठाधिपती यांना जमिनी, जकात आणि नाणी पाडण्याचे हक्क द्यायचे. त्यांना कायदेशीर मुले नसत, म्हणून ते गेले की पद पुन्हा राजाकडे येई. 981 च्या सुमारास दुसऱ्या ऑटोने इटलीत जादा घोडेस्वार मागवले. त्याची यादी आजही उपलब्ध आहे, आणि त्यातला मोठा वाटा चर्चच्या जमिनींवरचा आहे. पण बिशप नेमायचा कोणी, यावरून पोपशी भांडण पेटले. 1122 च्या वर्म्स कराराने बिशपला अंगठी आणि दंड, म्हणजे धर्मपदाची चिन्हे, देण्याचा हक्क सम्राटाने सोडला. जर्मनीत राजदंडाने जमिनी देण्याचा हक्क मात्र राखला.

बार्बारोसाची खरी कसोटी लागली ती सिंहाच्या बाबतीत. सॅक्सनी आणि बव्हेरिया अशा दोन डच्या एका माणसाकडे होत्या. इटलीच्या मोहिमेत त्याने मदत नाकारली, आणि सम्राट 1176 मध्ये लेन्यानोला हरला. तेव्हा सम्राटाने त्याच्यावर फौज पाठवली नाही, खटला चालवला. बिशप आणि सरदारांच्या तक्रारींवर सिंहाला वारंवार बोलावणे गेले, तो आलाच नाही. गैरहजेरीमुळे मुलखाच्या कायद्याने तो बहिष्कृत ठरला, जहागिरीच्या कायद्याने जहागिरी गेल्या. फौज निघाली ती निकालानंतर. 13 एप्रिल 1180 च्या गेल्नहाउझेनच्या सनदेत सॅक्सनीचे दोन भाग पडले: पश्चिमेचा भाग कोलोनच्या आर्चबिशपला, पूर्वेचा आनहाल्टच्या बेर्नहार्डला. बव्हेरिया ओटो व्हिटेल्सबाखला मिळाला, आणि त्याच्या घराण्याने तो 1918 पर्यंत सांभाळला.

सिंहाच्या हाती उरले ते ब्राउनश्वाइग आणि ल्युनेबुर्ग. हा मुलूख जहागीर नव्हता, वडिलोपार्जित खासगी मालमत्ता होती. इतिहास सांगताना हा फरक अनेकदा निसटतो, आणि मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. सम्राट दिलेले काढून घेऊ शके, मुळात स्वतः न दिलेले त्याला फार काळ रोखता येत नसे.

आणि काढून घेतलेली डची त्याने स्वतःकडे का ठेवली नाही? ज्या सरदारांच्या मुखाने निकाल आला, त्यांना वाटा द्यावाच लागणार होता.

म्हणूनच पुढच्या राजांनी दुसरी वाट धरली: मुलूख आपल्याच घराण्याला द्यायचा. जर्मन राजा रुडॉल्फ हाब्सबुर्गने 1278 मध्ये बोहेमियाचा राजा ओटोकार याला मार्खफेल्डच्या लढाईत हरवले आणि डिसेंबर 1282 मध्ये आउग्सबुर्गला ऑस्ट्रिया व स्टायरिया आपल्या दोन मुलांनाच दिले. त्यासाठी राजा निवडणाऱ्या बड्या सरदारांची संमतिपत्रे मात्र त्याला आधी मिळवावी लागली.