अरबी शब्द ओळखीचा वाटला, तर आधी हे वाचा
(आखातात कामाला जाणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक. अरबी व इंग्रजी बोलीवर्ग, कागदपत्रांचं वाचन व भाषांतर, शाहूपुरी, कोल्हापूर)

चौकशीला येणारा जवळजवळ प्रत्येक जण एक वाक्य सोबत घेऊनच येतो : "सर, अरबी म्हणजे उर्दूच की ओ. निम्मे शब्द तर आपल्याला येत्यातच." त्याच्या मागोमाग दुसरं : "वर्ग कशाला, नुसती शब्दांची यादी व्हॉट्सॲपवर टाका. पाठ करतो." दोन्हींचं उत्तर काउंटरवर रोज तोंडी देण्यात आमचा आणि मागे थांबलेल्या माणसाचा वेळ जातो, म्हणून ते एकदाच छापून ठेवलं आहे. बसून वाचा, मग काय विचारायचं ते विचारा.

पहिलं वाक्य अगदीच खोटं नाही. साबणाला अरबीत साबून म्हणतात, खुर्चीला कुर्सी, दुकानाला दुक्कान. हमाल तिकडेही हम्मालच. हॉटेलात जेवण झाल्यावर "हिसाब" म्हटलं की बिल येतं आणि उरलेले सुटे पैसे म्हणजे "बाकी". मुकादम "खलास" म्हणाला तर घाबरू नका. काम झालं, पुरे, ठीक आहे, एवढाच त्याचा अर्थ. असे शब्द आम्ही पहिल्याच दिवशी उरकतो. माणसाला जरा धीर येतो आणि तो यायलाच हवा.

पण हे शब्द आपल्याकडे थेट अरबस्तानातून आलेले नाहीत. बहुतेक सगळे फारसीच्या वाटेने, बहमनी आणि आदिलशाही दरबारांच्या कागदांतून मराठीत उतरले आणि इथे शेकडो वर्षं राहिले. एवढ्या काळात अर्थ कुठल्या कुठे सरकले. काही इथे बदलले, काही तिकडे. त्यातून जी चूक होते, तिच्यामुळेच हा कागद छापावा लागला.

चूक अशी. फॉर्मवर किंवा बोलण्यात ओळखीचा शब्द दिसला की माणूस पुढचं-मागचं वाचायचं सोडतो आणि घरचा अर्थ लावून मोकळा होतो. गेटवरचा माणूस "रक्म?" असं विचारतो आणि आपला माणूस पगाराचा आकडा सांगतो. अरबीत रक्म म्हणजे नंबर. मोबाईलचा, कार्डाचा, खोलीचा, कसलाही. पैशाची रक्कम म्हणायला त्यांचा वेगळा शब्द आहे, मबलग. "शहर" ऐकून लोक कोल्हापूर सांगतात. अरबीत शहर म्हणजे महिना. (आपलं गावाच्या अर्थाचं शहर फारसीतलं. कानाला तेच लागतं, नातं काही नाही.) फॉर्म पुन्हा भरावा लागतो, ते तर सोडाच. करारात हाच घोटाळा झाला की पैशाला लागतं.

करारातलीच तीन उदाहरणं घ्या. पगाराला अरबीत रातिब म्हणतात. आपला दुधाचा रतीब तोच : ठरलेलं, नेमाने मिळणारं. हा शब्द एकदा सांगितला की कोणी विसरत नाही. "रातिब असासी" म्हणजे मूळ पगार, बेसिक. दुसरा शब्द "बदल". मराठीत वाचलं तर वाटतं काहीतरी बदलणार आहेत. करारात बदल म्हणजे भत्ता, एखाद्या गोष्टीच्या बदल्यात दिलेले पैसे. "बदल सकन" म्हणजे घरभाडे भत्ता, जागेची बदली नव्हे. तिसरा "नक्ल". आपल्याला नक्कल म्हणजे कॉपी, तलाठ्याकडे मागतो ती. अरबीत नक्ल म्हणजे इकडून तिकडे नेणं. ट्रकवर हा शब्द असला तर ती वाहतूक कंपनी. पण "नक्ल कफाला" असं लिहिलेल्या कागदावर सही मागितली तर हातातलं पेन खाली ठेवा. ती झेरॉक्स नाही. कफील म्हणजे तुमचा प्रायोजक मालक आणि या कागदाने तुम्ही एका मालकाकडून दुसऱ्याकडे जाता. कधी ते तुमच्या फायद्याचं असतं, कधी नसतं. सही मात्र समजून करायची.

सौदी आणि अमिराती (यूएई) दोन्हींच्या कामगार कायद्यांत अरबी मजकूर आणि परभाषेतला मजकूर यांत फरक निघाला तर अरबी ग्राह्य धरतात. म्हणून "इंग्रजी बाजू वाचली की, अरबी कशाला" हे आम्ही ऐकून घेत नाही.

आता कोल्हापूरकरांचे खास शब्द. तालीम म्हटलं की आपल्याला लाल माती, मेहनत, गंगावेस आठवते. अरबीत तालीम म्हणजे शिक्षण; सौदीत शिक्षण मंत्रालयाच्या नावातच हा शब्द आहे. फॉर्ममध्ये "तालीम" समोर कुस्तीची माहिती लिहू नका, दहावी की आयटीआय ते लिहा. वस्ताद तिकडे "उस्ताज" होतो आणि प्राध्यापकापासून बँकेतल्या साहेबापर्यंत कुणालाही आदराने उस्ताज म्हणता येतं. हा शब्द वापरा. माणूस लगेच सौम्य होतो. मैदान मात्र खासबागेसारखं कुस्तीच्या हौदाचं असेलच असं नाही, शहरातल्या चौकालाही मैदान म्हणतात.

रजेची गंमत वेगळी. आपण रजा मागतो, पण अरबीत रिदा म्हणजे राजीखुशी. सुट्टीशी त्याचा संबंध उरलेला नाही. सुट्टीला म्हणतात इजाजा, जो आपल्याला "इजाजत"सारखा ऐकू येतो. म्हणजे साहेबाने "इजाजा?" विचारलं तर तो परवानगीबद्दल बोलत नाही, तुम्हाला सुट्टी हवी का ते विचारतो आहे. हरकत म्हणजे हालचाल, फुरसत म्हणजे संधी (दुकानाच्या काचेवर "फुर्सा" दिसलं तर सेल समजा), गरीब म्हणजे परका किंवा विचित्र. आणि केस कापायला "हजामत" म्हणून पाटी शोधाल तर "हिजामा"च्या दवाखान्यात पोचाल, जिथे पाठीला पेले लावून रक्त काढतात. न्हावी म्हणजे हल्लाक.

आता व्हॉट्सॲपचं. रात्री उशिरा फोटो येतो : कागदाचा एक कोपरा कापलेला, मध्ये एकच शब्द, खाली "सर अर्थ?". आम्ही लगेच उत्तर देत नाही याचा काही जणांना राग येतो. कारण सांगतो. अरबी लिहिताना ऱ्हस्व स्वर सहसा लिहीतच नाहीत. 'म-ल-क' एवढीच अक्षरं असली तर ते मलिक म्हणजे राजा असेल, मिल्क म्हणजे मालमत्ता असेल किंवा मलक म्हणजे देवदूतही असेल. 'अक्द' म्हणजे करार आणि 'इक्द' म्हणजे गळ्यातला हार, लिहायला दोन्ही एकसारखे. गुजरीतल्या सराफाच्या पावतीवर एक अर्थ, कंपनीच्या लेटरहेडवर दुसरा. अख्खं वाक्य, शक्यतो अख्खं पान असल्याशिवाय अर्थ सांगणं म्हणजे अंदाज आणि अंदाजाचे पैसे आम्ही घेत नाही.

यादी देत नाही ती याच कारणासाठी. मराठी शब्दासमोर अरबी शब्द अशी दोन रकान्यांची यादी बनवायला सोपी असते, विकायला त्याहून सोपी. ती पाठ करून माणूस विमानात बसतो आणि उतरल्यावर एक वाक्य धड जुळत नाही. आमच्या खिशातल्या पुस्तिकेत म्हणूनच शब्द कमी आहेत. प्रत्येक शब्दाखाली तो जिथे ऐकू येतो ती जागा दिली आहे : गेट, दवाखाना, किराणा, टॅक्सी, वर्कशॉप. आणि त्या जागी बोलायचं एक पूर्ण वाक्य. उदाहरणार्थ मिफ्ताह. यादीत तुम्हाला फक्त "किल्ली" दिसेल. पण उद्यमनगरातून गेलेल्या फिटरला जो मिफ्ताह मागतात तो पाना असतो. खोलीची किल्ली काढून देणारे आहेत, हसू नका.

"यूट्यूबवर फुकट मिळतंय" असंही म्हणतात. मिळतंय, बघा जरूर. फक्त ती अरबी कुठली ते ओळखा. पुस्तकी अरबीत "आता" म्हणजे अल-आन, आखातात अल्हीन, इजिप्शियन माणूस दिलवक्ती म्हणणार. चांगलं हे पुस्तकात जय्यिद, आखातात झैन, इजिप्तमध्ये कुवय्यिस. कॉफीचा कहवा आखातात गहवा होतो. म्हणून प्रवेश देताना आम्ही दोन गोष्टी विचारतो : देश कुठला आणि वरचा माणूस कुठला. सुपरवायझर इजिप्तचा असेल तर धडे वेगळे. केरळचा असेल तर खरं सांगू, कामापुरतं हिंदीवर निभावतं आणि तुम्हाला लांबचा वर्ग लावायची गरज नाही. गेट, पोलीस, दवाखाना आणि पाट्या एवढा छोटा वर्ग पुरे. ज्याची गरज नाही ते आम्ही गळ्यात मारत नाही.

पाट्यांपैकी ममनू (मनाई), खतर (धोका), किफ (थांबा), दुखूल (आत), खुरूज (बाहेर) एवढ्या तरी अक्षरांसकट ओळखू आल्याशिवाय आम्ही प्रमाणपत्र देत नाही. दुखूलला "दाखल" आठवा.

महिलांसाठी एक सूचना. नर्सिंग किंवा घरकामाला जाणाऱ्या ताईंनी भावाच्या किंवा नवऱ्याच्या वहीतून वाक्यं उतरवून घेऊ नयेत. अरबीत "तू" पुरुषाला वेगळा, बाईला वेगळा. आखातात पुरुषाला "श्लोनक", बाईला "श्लोनिच" असं खुशाली विचारतात. मालकिणीला "श्लोनक" म्हटलं तर ती रागावणार नाही, पण हसेल. रविवारची महिलांची बॅच यासाठीच वेगळी आहे.

आकड्यांकडे लोक दुर्लक्ष करतात. तसं करू नका. तिकडच्या आकड्यांत शून्य म्हणजे नुसतं टिंब आणि पोकळ गोल म्हणजे पाच. म्हणजे आपलं शून्य हा त्यांचा पाच! इंग्रजी सातासारखा दिसतो तो सहा, इंग्रजी व्ही म्हणजे सात आणि तोच उलटा केला की आठ. अक्षरं उजवीकडून डावीकडे वाचायची असली तरी आकडा आपल्यासारखा डावीकडूनच. पगाराच्या चिठ्ठीवर हे पाच मिनिटांत शिकवतो, त्याचे पैसे नाहीत.

उलट दिशेनेही थोडं गेलं आहे, हे सांगितलं की मंडळी खूश होतात. आखातात टॅक्सीवाल्याला सरळ जा म्हणायला "सीदा" म्हणतात, तो आपल्याकडचा. भारतीय रुपया तिथे चलनात होता. १९५९ पासून तर आखातासाठी वेगळा रुपया रिझर्व्ह बँक छापत होती. कुवेतने १९६१ मध्ये तो सोडला, ओमानात १९७० पर्यंत चालला.

आडनावांचं : अरबीत 'प' नाही. पाटील "बातील" होतात, पवार "बवार", आणि पार्किंग "बार्किंग". त्याला इलाज नाही, चूक समजू नका. कार्डावर पासपोर्ट क्रमांक आणि इंग्रजी स्पेलिंग जुळतं का तेवढं बघा.

इंग्रजीचं वेगळं पत्रक आहे, इथे थोडक्यात. चूक तीच : घरचा अर्थ. आपल्याकडे लाईट जाते, तिकडे पॉवर जाते. झेरॉक्स म्हटलं तर फिलिपिनो सहकाऱ्याला कळेल किंवा नाही, फोटोकॉपी म्हणा. स्टेपनीऐवजी स्पेअर टायर. जेवायला "हॉटेलात गेलो" म्हटलं तर तुम्ही तिथे मुक्काम केला असं वाटेल, रेस्टॉरंट म्हणा. इमारतीच्या मागे आहे हे सांगताना "बॅकसाईड" हा शब्द आमच्या वर्गात बंद आहे, कारण वर्गात सांगतो. करारात प्रोबेशन हा शब्द आला की महिने मोजा. अमिरातींच्या २०२१ च्या कायद्याप्रमाणे, जो फेब्रुवारी २०२२ पासून लागू आहे, तो काळ सहा महिन्यांहून जास्त ठेवता येत नाही. आणि "व्हिजिट" व्हिसावर कामाला लावतो म्हणणाऱ्याला आमचा नमस्कार सांगा. ऑफर लेटर म्हणजे करार नव्हे, हेही लक्षात ठेवा.

करार वाचून घ्यायला येताना : सगळी पानं आणा, शेवटचं सहीचं पानसुद्धा. मोबाईलवर पाठवणार असाल तर सपाट टेबलावर ठेवून चारही कोपरे दिसतील असा फोटो काढा, लॅमिनेशनवर ट्यूबलाईट चमकू देऊ नका. पहिल्या पानाचं तोंडी वाचन मोफत आहे. लेखी भाषांतराचा दर पानावर आहे, शब्दावर नाही, त्यामुळे एकेक शब्द वेगवेगळा पाठवून पैसे काही वाचत नाहीत. विमानाच्या आदल्या दिवशी आणलेला कागद आम्ही वाचून देऊ, पण सही आधीच झालेली असेल तर वाचण्यापलीकडे आमच्या हातात काही नसतं. सहीच्या आधी आणा. संध्याकाळची बॅच कारखाना सुटल्यावर पोचता येईल अशा वेळेला ठेवली आहे. गोकुळ शिरगाव, कागलकडून येणाऱ्यांनी उशीर होणार असेल तर आधी कळवावं, धडा दहा मिनिटं पुढे सरकवतो.