धरणाचा तलाव आणि धबधब्याचा कोंड

पाऊस लागला की हे सुरू होतंच. गोव्यातल्या सत्तरी नाहीतर सांगे तालुक्यातल्या एखाद्या धबधब्याखालच्या हिरव्यागार पाण्याचा फोटो फिरायला लागतो आणि खाली लिहिलेलं असतं, ‘डोंगरातलं सुंदर तळं, एका दिवसात जाऊन या’. मग पणजी-मडगावची मंडळी रविवारी डबे बांधून निघतात, पोरंबाळं सोबत, पायांत रबरी चपला. ज्या पाण्यात ती उतरतात तो कोंड असतो, धबधब्याखालचा खडकातला डोह. कोंडात तळ्यासारखं वागलं की जिवावर बेततं, आणि दरवर्षी कुणाच्या तरी घरावर तो प्रसंग येतो.

हिमालयात हिमनद्यांनी खळगे कोरले, त्यांत सरोवरं साचली. आपल्या घाटात हिमनद्या नव्हत्या. सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या सपाट कातळावर, पावसात पाणी तुंबतं, पण ते उथळ असतं आणि पाऊस सरला की काही दिवसांत आटतं. त्यामुळे गोव्यात डोंगरांच्या कुशीत मोठं, संथ पाणी दिसलं की ते धरणाचं समजावं: केरीचं अंजुणे, सांग्याचं साळावली, काणकोणचं चापोली. कड्याच्या पायथ्याशी, खडकाच्या वाटीत पाणी साठलेलं असेल तर तो कोंड. नेत्रावळीच्या जंगलातले सावरी आणि मैनापी धबधबे, मोलेच्या जंगलातला दूधसागर, सगळ्यांच्या खाली तोच प्रकार.

धरणाचा तलाव बहुतेकांना माहीत असतो, म्हणून थोडक्यात सांगतो. पाणी अडवलेलं असतं, पातळी दिवसागणिक हळूहळू चढते किंवा उतरते. साळावली भरलं की जादा पाणी बदकाच्या चोचीसारख्या सांडव्यातून खाली कोसळतं. ते भर पावसात बघावं, कठड्याच्या अलीकडून. काठावरून मात्र उतरू नये. तळाशी जुनी दरी, जुनी शेतं, झाडांचे बुंधे जसेच्या तसे असतात. दोन पावलं गुडघाभर पाणी आणि तिसऱ्या पावलाला ठाव नाही, असं होतं. साळावलीच्या पोटात कुर्डी गाव आहे, मे महिन्यात पाणी खाली गेलं की त्याचे अवशेष वर येतात. तिथे उभं राहिलं की आपण एरवी कशाच्या वर पाणी बघत होतो ते कळतं. काठाचा गाळ वरून सुकलेला दिसतो आणि पाय पोटरीपर्यंत रुततो. एवढं सांभाळलं की धरणाकाठची भटकंती निवांत आहे.

आता कोंड. खरा घोळ इथे आहे, आणि तो खोलीचा नाही. लोक विचारतात, ‘किती खोल आहे?’ विचारायला हवं, ‘वर पाऊस कुठे पडतोय?’ कोंड म्हणजे वाहत्या व्हाळाची, ओढ्याची, एक पायरी. वरून जेवढं येतं तेवढं त्यातून खाली जातं, आणि वरचा डोंगर आपल्याला दिसत नाही. घाटमाथ्यावर किनाऱ्यापेक्षा कितीतरी जास्त पाऊस पडतो. तुमच्या डोक्यावर ऊन असताना तिकडे माथ्यावर तासभर सर कोसळली की ते सगळं पाणी उघड्या कातळावरून धावत तुमच्याकडे येतं. डोंगर उभा, व्हाळ आखूड, त्यामुळे त्याला वेळ लागत नाही.

खुणा असतात, बघायची सवय हवी. पोहोचल्याबरोबर पाण्याच्या अगदी कडेला एक ओळखू येईल असा दगड ठेवावा आणि जेवतानासुद्धा त्याच्याकडे लक्ष असू द्यावं. दगड बुडाला की उठायचं, डबा उघडा असला तरी. बहुतेकदा त्याच्याही आधी पाण्यावर सुकी पानं आणि काटक्या यायला लागतात, काठावर अडकून पडलेला पाचोळा सुटून आलेला असतो. मग नितळ पाणी चहाच्या रंगाचं होतं. धबधब्याचा आवाज जाड होतो, त्यात दगड आपटल्याची धपधप मिसळते. तोपर्यंत तुम्ही खडकावर उंच चढलेले असायला हवेत. तिथे मोठ्यानं गाणी लावणाऱ्यांचा मला मनापासून राग आहे, कारण हा आवाजातला बदल ते स्वतः ऐकत नाहीत आणि दुसऱ्यालाही ऐकू देत नाहीत.

दुसरं, धारेखाली जाऊन उभं राहायचा मोह. पडणारं पाणी तळाशी जाऊन वर येतं आणि पृष्ठभागावरून पुन्हा धारेकडेच ओढतं. तिथला पांढरा फेस म्हणजे अर्धी हवा, त्यात शरीर तरंगत नाही. पट्टीचा पोहणाराही तिथे हात मारत राहतो आणि जागचा हलत नाही. शिवाय गोट्यांनी घासून कातळात रांजण पडलेले असतात, पाय आत गेला की निघत नाही. जुलै 2023 मध्ये मैनापीवर दोघे बुडाले आणि वनखात्याने अभयारण्यांतल्या धबधब्यांवर जायला बंदी घातली. तेव्हा ‘आम्हाला पोहता येतं’ म्हणून कुरकुर करणारे पुष्कळ भेटले. पोहता येण्याचा इथे फारसा उपयोग नाही.

परतीच्या वाटेचा विचार तर कुणी करतच नाही. सकाळी घोटाभर पाण्यातून ओलांडलेला व्हाळ दुपारी कमरेला लागतो. अशा वेळी हाताला हात धरून साखळी करून ओलांडू नये, एक घसरला की सगळे जातात. अलीकडच्या काठावरच उंच जागी बसून राहावं. आखूड व्हाळ जसा भरतो तसाच उतरतो, पाऊस थांबल्यावर बहुधा काही तासांत वाट मिळते. म्हणून एक जादा शिदोरी आणि बॅटरी जवळ हवीच, आणि घरी सांगून ठेवावं की उशीर होऊ शकतो.

कधी जावं? माझं मत पक्कं आहे: जून ते सप्टेंबर धरण बघा, कोंडाकडे फिरकू नका. दसरा झाला की कोंड, तोही नाताळापर्यंत, कारण पुढे पुष्कळ व्हाळ बारीक होतात. ऑक्टोबरात घाटात दुपारनंतर गडगडाटी पाऊस होतो, तेव्हा पहाटे निघून बाराच्या आत पाण्यापासून दूर झालेलं बरं. अभयारण्यात शिरताना नाक्यावर नोंद करावी आणि गावातलाच वाटाड्या घ्यावा. त्याने ‘आज नको’ म्हटलं तर हुज्जत घालू नये, गाडी वळवून धरणावर जावं.