शूफ्टान प्रक्रिया

शूफ्टान प्रक्रिया : लहान प्रतिकृती आणि प्रत्यक्ष नट यांना आरशाच्या साहाय्याने एकाच वेळी, एकाच निगेटिव्हवर टिपण्याची चित्रपटातील युक्तिचित्रण-पद्धती. जर्मन छायालेखक ओयगेन शूफ्टान (१८९३–१९७७) यांच्या नावाने ती ओळखली जाते. फ्रिट्झ लांग यांच्या ‘मेट्रोपोलिस’ या विज्ञानपटामुळे (चित्रीकरण १९२५-२६, पहिला खेळ बर्लिन, १० जानेवारी १९२७) तिला जगभर प्रसिद्धी मिळाली.

उगम : पद्धतीचे पेटंट शूफ्टान यांच्या नावे असून तिची जुळणी १९२० च्या दशकाच्या पूर्वार्धात झाली, असे सामान्यतः मानतात. त्यांचे सहकारी एर्न्स्ट कुन्स्टमान यांचा वाटा किती, याविषयी एकमत नाही. काही लेखक तिचे मूळ आणखी मागे नेतात. लंडनच्या रंगमंचावर १८६२ पासून तिरप्या काचेतून भूत दाखवले जाई, तर अमेरिकेत नॉर्मन डॉन यांनी १९०७ मध्ये कॅमेऱ्यापुढील काचेवर इमारतींचे भाग रंगवून ते खऱ्या दृश्याला जोडले होते. ही साम्ये खरी असली, तरी वंशावळ म्हणून ती फार ताणू नयेत. रंगमंचावरील काच दोन दृश्ये एकमेकांवर चढवते, म्हणून भूत पारदर्शक दिसते. शूफ्टान यांच्या आरशात प्रत्येक ठिकाणी एकतर मुलामा (काचेला आरसा बनवणारा परावर्तक थर) असतो किंवा नसतो; त्यामुळे दोन दृश्ये एकमेकांवर न येता शेजारी-शेजारी बसतात आणि नट भरीव दिसतो. नावीन्य आहे ते इथेच.

मांडणी : आरसा कॅमेऱ्यासमोर ४५° कोनात उभा करतात. संदर्भग्रंथांत मांडणीचे दोन प्रकार आढळतात आणि त्यांची अनेकदा सरमिसळ होते. पहिल्या प्रकारात प्रतिकृती काचेतून थेट दिसते आणि बाजूला उभे असलेले नट मुलाम्याच्या राखलेल्या तुकड्यातून परावर्तित होतात. ‘मेट्रोपोलिस’च्या संदर्भात बहुधा याचेच वर्णन केले जाते. दुसऱ्या प्रकारात नट थेट दिसतात व प्रतिकृती परावर्तित होते. जे परावर्तित होते त्याची डावी-उजवी बाजू उलटते. म्हणून पहिल्या प्रकारात नटांच्या कोटाची बटणे आणि सेटवरील पाट्या, तर दुसऱ्यात प्रतिकृतीच उलटी करावी लागते. नटांच्या हालचाली व प्रकाशयोजना नेहमीसारखी ठेवता येत असल्याने दुसरा प्रकार हाताळायला सोपा.

कृती : आधी कॅमेरा पक्का आवळतात. एक जण कॅमेऱ्याच्या नेत्रिकेतून (पाहण्याच्या भिंगातून) पाहत सांगतो आणि दुसरा त्याप्रमाणे आरशाच्या जागी ठेवलेल्या साध्या काचेवर सीमारेषा आखतो. सीमारेषा शक्यतो भिंतीची कड, कमान, खांब अशा ठिकाणी घेतात. ती आरशावर उतरवून नको असलेला मुलामा खरवडतात व काच पुसून स्वच्छ करतात. खरवडण्यात चूक झाली तर आरसा बाद. सीमारेषा बदलली तरी नवा आरसा घ्यावा लागतो.

खरी अडचण फोकसची असते. दृष्टिक्रम (जवळ-दूरचे दृश्य प्रमाण) जुळण्यासाठी १:१० प्रमाणातील प्रतिकृती सेटच्या एक-दशांश अंतरावर हवी. सेट ३० मी. वर असेल, तर प्रतिकृती ३ मी. वर. हे अंतर भिंगापासून आरसा आणि आरशापासून प्रतिकृती असे मिळून मोजतात; नवखे नेमके हेच विसरतात. दोन्ही एकदम स्पष्ट येण्यासाठी भिंग ६ मी. वर फोकस करून त्याचे प्रकाश आत घेणारे छिद्र इतके लहान करावे लागते की ३ मी. पासून अनंतापर्यंत सारे स्पष्ट राहील. ५० मिमी. नाभीय अंतराच्या भिंगाला त्यासाठी साधारण एफ/१६ (छिद्राचे माप; आकडा जितका मोठा तितके छिद्र लहान) लागतो, ३५ मिमी. भिंगाला एफ/८ पुरतो. एफ/४ च्या तुलनेत एफ/८ ला चौपट, तर एफ/१६ ला सोळापट प्रकाश लागतो. त्या काळच्या मंद फिल्मवर हा फरक म्हणजे दिव्यांचा आणि उष्णतेचा मोठाच बोजा. म्हणून रुंद कोनाच्या (कमी मिमी. च्या) भिंगाकडे कल.

आरसा मात्र फोकसबाहेरच हवा, कारण जोड लपतो तो त्या धूसरपणामुळे. ३५ मिमी. भिंग, एफ/८ आणि ६० सेंमी. वरील आरसा असे धरल्यास जोडाची धूसर पट्टी आरशावर सुमारे ४ मिमी. पडते. एफ/१६ केल्यास ती निम्मी होते आणि जोड रेघेसारखा दिसू लागतो. म्हणून आखणी झाल्यावर छिद्र बदलत नाहीत. मूकपटाची पूर्ण चौकट व्यापायला एवढ्या अंतरावर सुमारे ७० × ५० सेंमी. चा आरसा लागतो.

दोष : घरगुती आरशात मुलामा काचेच्या मागे असतो. पुढच्या पृष्ठभागावरूनही थोडा प्रकाश परततो आणि काचेच्या जाडीच्या सुमारे पाऊणपट सरकलेली फिकट दुसरी प्रतिमा उमटते. ४ मिमी. काचेत हे सरकणे ३ मिमी. भरते आणि प्रतिकृतीतल्या बारीक दिव्यांभोवती चटकन दिसते. उपाय म्हणजे पुढच्या बाजूने मुलामा दिलेला आरसा. तो मात्र बोट लागताच खराब होतो. दुसरा दोष सहज ध्यानात येत नाही. खरवडलेली काचही ४५° कोनात सुमारे १०% प्रकाश परावर्तित करते. तिच्यात दिसू शकणारी बाजूची जागा काळ्या मखमलीने झाकली नाही, तर नटाच्या अंगावरून इमारतीची सावलीवजा प्रतिमा फिरते. नटाने सीमारेषा ओलांडली, तर त्याचा हात किंवा डोके नाहीसे होते. ट्रॉली शॉट अशक्य, आणि जमीन हादरली तरी जोड थरथरतो.

‘मेट्रोपोलिस’मधील वापर : या चित्रपटातील प्रत्येक भव्य दृश्य शूफ्टान यांच्या खात्यावर टाकण्याची प्रथा आहे, ती बरोबर नाही. क्रीडांगणाचे दृश्य या पद्धतीचे नमुनेदार उदाहरण मानतात : खालचा धावपटूंचा भाग प्रत्यक्ष बांधलेला, वरचा प्रतिकृतीचा. उलट, उंच रस्त्यांवरील रहदारी कलादिग्दर्शक एरिक केटेलहूट यांनी प्रतिकृतीतील वाहने चौकटीगणिक सरकवून साधली, आणि यंत्रमानवाभोवतीची प्रकाशवलये एकाच फिल्मवर अनेकवार केलेल्या प्रकाशनांची (फिल्मवर प्रकाश पाडण्याची) आहेत. मुख्य छायालेखक कार्ल फ्रॉइंट व ग्युन्टर रिटाउ यांचे काम त्या प्रथेमुळे झाकोळते.

पुढील वापर : ‘ब्लॅकमेल’ (१९२९) मध्ये ब्रिटिश म्यूझियममधील पाठलागासाठी आल्फ्रेड हिचकॉक यांनी दुसरा प्रकार वापरला. म्यूझियममध्ये चलच्चित्रणापुरता प्रकाश नव्हता. म्हणून, त्यांच्याच सांगण्यानुसार, अर्धा-अर्धा तास प्रकाशन देऊन नऊ छायाचित्रे घेतली, मागून उजळलेल्या त्यांच्या पारदर्शिका आरशात दाखवल्या आणि नट जिथे दिसायचा तेवढाच मुलामा खरवडला. फिरत्या मुखवट्याच्या पद्धती (नटाबरोबर हलणाऱ्या आकाराने चौकटीचा भाग झाकणे) व ऑप्टिकल प्रिंटर (फिल्मची पुन्हा नक्कल घेऊन दृश्ये जोडणारे यंत्र) स्थिरावल्यावर ही प्रक्रिया मागे पडली. तिथे नट कुठेही फिरू शकतो, मात्र निगेटिव्हची पुन्हा नक्कल करावी लागल्याने चित्रातील कण (खरखरीतपणा) वाढतात. शूफ्टान पद्धतीत मूळ निगेटिव्हच अंतिम असल्याने तो तोटा नाही. स्वतः शूफ्टान यांनी १९३३ मध्ये जर्मनी सोडली. पुढे फ्रान्स व अमेरिकेत ते मुख्यतः छायालेखक म्हणूनच वावरले आणि ‘द हसलर’ (१९६१) च्या कृष्णधवल छायालेखनासाठी त्यांना ऑस्कर मिळाले.